मागची चार पानं

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय सख्या,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक. शालनचे गुडघे दुखतात, माझी साखर कधी वर कधी खाली, विनीत कंपनीच्या कामाने पुण्याला गेलाय. तुझ्या घरी सूनबाई प्रीती, पोरं बरी असतील.

पत्र बघून हसशील. म्हणशील, महिप्याला म्हातारचळ लागला, कळवा काय परदेश आहे का? पण लेका, तू फोन उचलत नाहीस त्याला मी काय करू? सलग दोन रविवार! मी परत आल्यापासून रविवारी साडेदहा वाजले की तुझा फोन येणार आणि तू 'आपा काबार, महिप्या?' म्हणून ओरडणार. मग मी 'बाईक-बाईक साजा' म्हणणार. म्हणजे कसा आहेस आणि बरा आहे, एवढंच, पण शालन म्हणते, तेवढं ऐकल्याशिवाय मी चहाला हात लावत नाही. परवा मेसेज टाकला, त्यावर दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचलास. वाचून गप्प बसलास. का?

तसं विचारण्यासारखं काही नाही. पण ती वर्तकनगरची पायल तुझ्याकडे अजून येते का? तिच्या संशोधनाबद्दल मला काही म्हणायचं नाही. आपल्यासारखी गिरणीतली माणसं इंडोनेशियात जाऊन तिथली भाषा पुस्तकाशिवाय कशी शिकली, यावर कोणी चार वर्षं घालवत असेल तर घालवू दे बापडी. माझा नंबर तूच तिला दिलास आणि 'महिपत म्हणजे आमची डिक्शनरी' असं सांगितलंस म्हणे. त्यामुळे मीही चढलो. तिने चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावली, मी न अडखळता सांगितली. पोरगी तिकडे शिकून आलीय, तरी तोंडात बोट घातलं तिने.

पण चौथ्या खेपेला विचारते, 'काका, उजांग काका तुम्हाला शब्द कसे शिकवायचे?' मी चमकलो. मी तिच्यापुढे उजांगचं नाव एकदाही काढलेलं नाही. म्हणजे तू काढलंस. काय काय सांगितलंस? आणि कशाला? ती आपल्याला वेगवेगळं बसवून तेच तेच विचारते, पोलीस करतात तसं. मी तिला एवढंच सांगितलंय की कल्याणची गिरणी बंद पडली, तू ब्याण्णवला बांडुंगच्या गिरणीत गेलास, दोन वर्षांनी शब्द टाकून मलाही बोलावून घेतलंस, सत्त्याण्णवला तू परत आलास आणि मी दोन हजार आठला. तू का परत आलास म्हणून विचारलं तर मी 'घरची अडचण' म्हणालो. तू काय म्हणालास ते मला कळव. दोघांचं जुळायला नको का?

आणि एक. माझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही तुला आठवत असेल. त्यांचे शब्द आपल्या अक्षरात लिहून ठेवायचो ती. अकराशे शब्द आहेत, मोजलेत मी. दोन आठवड्यांपूर्वी मोठेपणा करून मी ती पायलला देऊन बसलो. हात दाखवून अवलक्षण! तिने ती वही तुला दाखवली का? मागच्या बाजूची पानं दाखवली का? तिथे खास काही नाही, सरावाची वाक्यं आहेत. सहज विचारतोय.

उजांगचा विषय आता पुरे. अठ्ठावीस वर्षं झाली. त्याने केलं ते केलं, तू सोसलंस ते सोसलंस. जुनी मढी उकरून त्या पोरीला पदवी मिळेल, आपल्याला काय मिळणार?

उत्तर दे. नाहीतर मला जे समजायचं ते मी समजेन.

तुझा,
महिपत

*

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

कु. पायल यांस,
नमस्कार.

एरवी मी तुला अगंतुगं करतो, पण हे पत्र कामाचं आहे. तुमचा मंगळवारचा मेसेज मिळाला. त्याला मोबाइलवर उत्तर देणार नाही, कारण मोबाइलवरचं दुसऱ्याकडे ढकलायला एक बोट पुरतं.

तुम्ही लिहिलंय, 'काका, वहीच्या मागच्या पानांबद्दल थोडं विचारायचं होतं.' मी अकरा वर्षं सुपरवायझर होतो. 'थोडं बोलायचंय' म्हणून मीही माणसं केबिनमध्ये बोलावलीत. ज्याला थोडं बोलायचं असतं त्याला सगळं आधीच कळलेलं असतं. त्याच मेसेजात खाली 'आनंदाची बातमी' आहे की उजांग सापडले, आणि तेवीस तारखेच्या रविवारी आम्हा तिघांना तुम्ही फोनवर एकत्र आणणार. जुने बोलणारे भेटले की भाषा कशी परत येते ते ऐकायचंय म्हणे. बाई, हा सापळा आहे हे कळायला मला संशोधन करावं लागत नाही. सखाराम दोन आठवडे फोन घेत नाही, माझ्या पत्राला त्याचं उत्तर नाही, आणि तुम्हाला नेमका उजांग सापडतो! तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. माझी वही ताबडतोब परत करावी. माझं रेकॉर्डिंग पुसून टाकावं.

...

वरचं लिहून मी चहा घेतला. आता हे सोंग पुरे झालं, पायल. तू वाचलंयस, मग माझ्या तोंडूनही ऐक. निदान पूर्ण तरी ऐक.

त्या वहीला मी तिजोरी समजत होतो. आपल्या अक्षरात त्यांची भाषा! डोंबिवलीत कोणी वाचलं तर अर्थ कळणार नाही, आणि बांडुंगात ज्याला अर्थ कळेल त्याला अक्षर वाचता येणार नाही. दोन्ही येणारं माणूस मला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं. माझ्यासारखा शहाणा मीच! दोन्ही येणारी पोरगी घरी आली, आणि तिच्यापुढे शेखी मिरवायला मी आपल्या हाताने किल्ली दिली. मागे काय लिहिलंय ते मी विसरलो होतो म्हटलं तर तुला पटेल का? विसरलो नव्हतो. वीस-पंचवीस वर्षं मागच्या बाजूने वही उघडलीच नव्हती, एवढंच.

सत्त्याण्णव साल. पिंजणखात्यात एका मशीनचं झाकण निखळलेलं होतं, आणि एका मुलीची ओढणी आत ओढली गेली. ती वाचली. सखारामने त्या क्षणी सगळी रांग बंद केली. बायांना म्हणाला, झाकणं बसल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. चार तास खातं बंद होतं. मालकाला माल पाठवायची घाई. कोणी बंद केलं म्हणून चौकशी लागली तर एक बाई बोलेना, सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

त्याच महिन्यात वरून कुजबुज आली की दोघा भारतीयांपैकी एकालाच ठेवणार, आणि जो राहील त्याला कुटुंब आणायला क्वार्टर मिळेल. शालन इथे विनीतला घेऊन भावाच्या घरी राहत होती. पोराने मला अडीच वर्षांत दोनदा पाहिलेलं. मी आलो तर 'कोण आलंय?' म्हणून आईला विचारायचा.

आठव्या दिवशी मॅनेजरच्या टेबलावर निनावी चिठ्ठी सापडली. 'सेमुआ रेंचाना सखाराम.' सगळा बेत सखारामचा, तो बायांना खोलीवर जमवतो, पुन्हा करणार आहे. खोलीवर जमवतो हे साफ खोटं होतं. त्याच्या खोलीवर येणारा एकच माणूस, उजांग, तोही आम्हाला भाषा शिकवायला. आधी मी आपल्या अक्षरात वहीत लिहून, खोडून, नीट केलं. मग इंग्रजी अक्षरांत उतरवलं. चार पानं खोडाखोड करून एक चिठ्ठी. तुला ती चार पानं भाषा शिकण्याचा उत्तम नमुना वाटली असतील.

तीन दिवसांत सखारामला विमानात बसवलं. चिठ्ठी त्यांच्या भाषेत होती, तेव्हा लिहिणारा तिथलाच असणार, आणि सखारामच्या खोलीवर येणारा तिथला माणूस एकच. सखारामला हे कोणी सांगावंही लागलं नाही. मी फक्त गप्प बसलो. फाटकाशी उजांग त्याला निरोप द्यायला आलेला. सखाराम त्याच्या अंगावरून निघून गेला, बघितलंदेखील नाही. मी बॅग उचलायला सोबत होतो. पुढे बायांनीही उजांगशी बोलणं टाकलं. वर्षाच्या आत तो गिरणी सोडून गेला.

हा उजांग कोण माहीत आहे तुला? सखारामची बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप बघायची फार इच्छा, म्हणून यानेच बसने चौदा तास प्रवास करून आम्हाला नेलं. मुसलमान माणूस. वरच्या टप्प्यावर सखाराम हात जोडून वंदना म्हणायला लागला आणि त्याला रडूच फुटलं, पुढचं आठवेना. मी म्हणत राहिलो, तो माझ्यामागून म्हणत राहिला. उजांग चपला हातात धरून उन्हाने तापलेल्या दगडावर अनवाणी उभा. मी त्या दिवशी पंचशीलही म्हटलं. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन हे आपल्या तोंडाने म्हटलं. आणि वर्षभरात ही चिठ्ठी.

सखाराम परत आला तेव्हा इकडच्या गिरण्या संपलेल्या. ज्या हाताखाली साठ माणसं होती, त्या हातात सोसायटीच्या गेटची वही आली. माझा विनीत बांडुंगात शाळेत गेला. मी परत आलो तेव्हा मला घ्यायला विमानतळावर कोण आलेलं? सखाराम. गळ्यात पडला माझ्या. म्हणाला, 'तू तरी टिकलास रे.'

शालनला यातलं काही माहीत नाही. तू हे सखारामला सांगितलं असशील तर मला आता सांग. नसेल सांगितलं तर सांगू नकोस, मी पाया पडतो. वय झालं माझं.

महिपत

*

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. पायल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझं ऐकलं आणि मी फोन ठेवून दिला, म्हणून लिहितोय.

'काका, माणसाला विचारल्याशिवाय त्याचं खासगी पान आम्ही वाचत नाही. मला वाटलं काकूंना लिहिलेलं काही असेल, म्हणून ती पानं क्लिप लावून बंद केली आणि तुम्हाला परवानगी विचारली.' हे तू म्हणालीस आणि मी कपाळावर हात मारून घेतला. आज वही आली. क्लिप जशीच्या तशी आहे. म्हणजे अठ्ठावीस वर्षांत जे कोणाला कळलं नाही, ते मीच स्पीडपोस्टने तुला पाठवलं.

सख्याचंही तसंच. शनिवारी शालन म्हणाली, प्रीतीचा फोन आलेला. त्याच्या डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन झालं. तीन आठवडे पालथं पडून राहायचंय, वाचायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. फोन प्रीतीकडे आहे. आणि त्यानेच तिला बजावलेलं, 'महिप्याला सांगू नका, काळजी करून साखर वाढवून घेईल.' मी इथे त्याच्यावर संशय घेऊन पत्रं लिहितोय आणि तो तिथे पालथा पडून माझ्या साखरेची काळजी करतोय! माझं पहिलं पत्र प्रीतीने त्याला वाचून दाखवलं. तो हसला म्हणे. 'याला झालंय काय? चोरासारखा काय विचारतोय?'

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

वही हातात आल्यावर आधी गॅसकडेच बघितलं, तुझ्याशी कशाला खोटं बोलू? काडी लावली असती की संपलं. तू कोणाला सांगणार नाहीस हे मला कळलंय. पण तू काल शेवटी जे म्हणालीस त्याने मला सोडलं नाही. उजांग पंचाहत्तरीचा आहे, भाताच्या पेजेची गाडी लावतो, आणि त्याने तुला एकच विचारलं की सखाराम त्या दिवशी माझ्याकडे न बघता का गेला? आणि सखाराम रविवारच्या फोनला तयार झालाय तो फक्त 'का केलंस' हे त्याला एकदा विचारायला. म्हणजे रविवारी तो म्हातारा आनंदाने फोन उचलणार आणि माझ्या पापाचे बोल ऐकणार. ते मला नाही होऊ द्यायचं.

मी काल दुपारी कळव्याला गेलेलो. त्याच्या बिल्डिंगच्या जिन्यापर्यंत गेलो. तिसऱ्या मजल्यावरून त्याच्या खोकल्याचा आवाज आला आणि मी तसाच मागे फिरलो. असा शूर माणूस आहे मी. तेव्हा लिहूनच सांगणार. पण वाचून दाखवणार प्रीती, त्याची सून. आपला सासरा कसा फसवला गेला आणि कोणी फसवला, हे तिने मोठ्याने वाचायचं आणि त्याने पालथं पडून ऐकायचं? त्याची तेवढी तरी लाज राखायला हवी. म्हणून त्यांच्या भाषेत, आपल्या अक्षरात लिहितोय. तिला अक्षर येतं, त्याला अर्थ येतो.

खाली लिहिलंय ते तपासून दे. चुकीचं नको.

सुरात इतु साया यांग तुलिस. ती चिठ्ठी मी लिहिली.
उजांग तिदाक सालाह. उजांगची चूक नाही.
साया यांग सालाह. चूक माझी.
साया मिंता माआफ. याचा अर्थ लिहायची गरज नाही.

अकराशे शब्दांची वही आहे माझी. त्यातले एवढेच लागले.

तुझा काका,
महिपत

ता. क. : मागच्या पानांना माझी परवानगी आहे. नाव तेवढं घालू नकोस. नाहीतर घाल. तुझं तू ठरव.

*

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रीती,
अनेक आशीर्वाद.

बाबांचं कळलं. मला आधी सांगितलं नाहीस म्हणून रागवत नाही, त्याचाच हुकूम होता हे मला माहीत आहे. तू त्याचं सगळं मनापासून करतेस. शालनने नाचणीची बिस्किटं दिलीत, ती सोबत पाठवतोय. पालथ्याने खाता येतील.

हे पत्र त्याला वाचून दाखव. आधी पोरांना खेळायला पाठव आणि दार लोटून घे. पहिला भाग तुला कळेल. पुढच्या चार ओळी तुला कळणार नाहीत, त्या तिकडच्या भाषेत आहेत. जसं लिहिलंय तसं सावकाश वाच. चुकलीस तरी चालेल, तो समजून घेईल. एखादा शब्द ओळखीचा वाटला तर थांबू नकोस, आणि वाचून झाल्यावर त्याला काही विचारू नकोस. फक्त पाण्याचा पेला जवळ ठेव.

आता त्याच्यासाठी.

सख्या, आपा काबार? मी बरा नाही. माझ्या पहिल्या पत्राला तू हसलास, ते बरोबरच होतं. ज्या माणसाने मला तिथे बोलावलं, माझी जागा केली, एकाच ताटात जेवायला घातलं, त्याला मी 'काय काय सांगितलंस' म्हणून दरडावत होतो. भीती तुझी नव्हती, लेका. बोरोबुदुरला तुला वंदना आठवेना तेव्हा मी पुढे म्हणालो आणि तू मागून म्हणालास. आज मला पुढचं म्हणायचंय आणि माझीच जीभ उचलत नाही, म्हणून तुझ्या सुनेची उसनी घेतोय. तिला यातलं काही ठाऊक नाही. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव, शालनलाही.

सखाराम.
सुरात इतु साया यांग तुलिस.
उजांग तिदाक सालाह.
साया यांग सालाह.
साया मिंता माआफ.

या रविवारी साडेदहाला मी फोन जवळ घेऊन बसणार नाही. तू बोलावलंस तर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून येईन, नाही बोलावलंस तर त्यालाही माझी हरकत नाही. पण त्या दिवशी एक फोन येईल तो उचल, सख्या. तो माझा नसेल. ज्याच्याकडे तू फाटकाशी बघितलं नाहीस, त्याचा असेल.

महिपत